गैरहजरांच्या वतीने

लिनकांगमध्ये माणूस केवढा होता हे त्याच्या घरावरून ठरत नाही आणि लसणीच्या शेतावरूनही नाही. तो गेल्यावर सार्वजनिक वंदन किती वेळ चाललं, यावर ठरतं. आधी घरचे गुडघे टेकतात, रडतात, ते आपसातलं झालं. मग माईकवरून एकेक नाव पुकारतात: शेतकरी संघ, देवळाची समिती, शाळा, आमदारसाहेब. नाव येईल तो पुढे होतो, उदबत्ती वाहतो, तीनदा वाकतो, आणि घरचे उलट वाकून आभार मानतात. छाय-आजीचा नवरा जन्मभर सायकलींचे पंक्चर काढत होता, पण त्याचं वंदन चाळीस मिनिटं चाललं. गावाने त्या दिवशी त्याला नव्याने ओळखलं. ही करामत सरपंच ल्याओ तिएनफूची. बावीस वर्षं गावातल्या प्रत्येक मयताच्या मंडपात नावांची यादी त्यानेच केली.

आज मंडप त्याच्याच दारात होता. रस्ता अडवून उभारलेला, पिवळ्या कापडाचा, आत ऐंशी खुर्च्या. त्यांतल्या अकरा भरल्या होत्या. त्यातही पाच माणसं त्याच्या लेकीच्या, पेइशानच्या, मामाच्या घरची.

पेइशान आईशेजारी जाडंभरडं शोकवस्त्र घालून उभी होती आणि काही केल्या तिची नजर रिकाम्या खुर्च्यांवरून हटत नव्हती. तैपेईच्या विद्यापीठात ती राज्यशास्त्र शिकली, आता तिथेच डॉक्टरेट करत होती. विषय ‘लोक आणि सत्ता’. सत्ता म्हणजे काय यावर ती दोन तास न थांबता बोलू शकत होती. पण बापाच्या मंडपात माणसं का नाहीत, हे सांगायला तिला दोन वाक्यंही लागली नसती. तिच्यामुळे नव्हती.

तसं म्हटलं तर कुणी बहिष्कार टाकला नव्हता. लिनकांगची माणसं एवढी उघडी वागत नाहीत. फक्त सकाळी सहा वाजता नव्या सरपंचाने, खतवाल्या श्यूने, देवदर्शनाच्या सहलीच्या दोन बसगाड्या आणून चौकात उभ्या केल्या होत्या. जेवण फुकट, टोपी फुकट. तारीख महिन्याभरापूर्वी ठरली होती म्हणे. अंत्यविधीच्या आदल्या सात दिवसांत, मृतासाठी जाळायची कागदी कमळं दुमडायला शेजारणी येतात, तीही रीत; तेव्हाही कुणाची लसूण काढणी निघाली, कुणाचा गुडघा धरला. पेइशान आणि आई दोघींनीच बसून कमळं दुमडली. आईने एकदाही दाराकडे पाहिलं नाही. पेइशानने मात्र सातही दिवस पाहिलं.

“नावं किती आहेत?” तिने आशुईला हळूच विचारलं.

आशुई म्हणजे तिएनफूचा शाळेतला दोस्त. बावीस वर्षं यादी तिएनफूची आणि आवाज आशुईचा, अशी जोडी होती. त्याने कोटाच्या आतून एक लिफाफा काढला. “पुष्कळ असावीत, जाड लागतोय. यादी त्यानेच करून ठेवलीय. हॉस्पिटलात असताना.”

“बाबांनी स्वतःची यादी केली?”

“दुसऱ्यावर विश्वास होता का त्याचा? मला म्हणाला, आशुई, मंडपात उघड. आधी उघडलंस तर भूत होऊन तुझ्या माईकमध्ये बसेन.” आशुई हसायला गेला, पण तोंड वेडंवाकडं झालं आणि तो पाठ फिरवून माईकची वायर तपासू लागला.

तिचं चुकलं ते असं.

पदव्युत्तर प्रबंधासाठी तिला विषय हवा होता. वर्गातली बाकी मुलं पक्ष, संसद, जनमत चाचण्या असले शहरी विषय घेऊन बसली. पेइशानने आपल्या घरचं जेवणाचं टेबल निवडलं. दोन उन्हाळे ती बाबांच्या स्कूटरवर मागे बसून मयतांच्या मंडपांतून फिरली. बाबांना कोण आनंद. लेक एवढ्या लांबून येते आणि आपल्याला प्रश्न विचारते, वर लिहूनही घेते, हे सुख किती बापांच्या नशिबी असतं? ते पोतडी उघडून बसले.

आमदाराच्या कार्यालयातून शोकपटांचे गठ्ठे कसे येतात, ते त्यांनी दाखवलं. लांब पांढरं कापड, खाली आमदाराचं नाव छापलेलं, मयताच्या नावाची जागा कोरी. ती बाबा ब्रशने भरत. आमदाराला कोण गेलं याचा पत्ताही नसे. आमदार आला नाही तर ‘आमदारांचे प्रतिनिधी’ म्हणून बाबाच पुढे होत. एका मंडपात तर ते पाच वेळा उठले: एकदा सरपंच म्हणून, आणि चारदा न आलेल्यांच्या वतीने.

“लोकांना कळत नाही?” तिने विचारलं होतं.

“कळतं आणि नाहीही कळत. मयताच्या घरी कुणी तपासायला बसत नाही. फक्त एक ध्यानात ठेव. जो आलाच नाही, त्याच्या वतीने वाकताना जरा जास्त वाकावं. म्हणजे घरच्यांना उणं वाटत नाही.”

हे तिने तळटीपेत टाकलं. आणि एका रात्री जेवताना, दोन पेले पोटात गेल्यावर, बाबा म्हणाले, “खरं सांगू? कुणी गेलं असं कळलं की मी आधी त्या घरातली मतं मोजतो, मग टोपी काढतो.” आईने त्यांच्या हातावर चॉपस्टिक मारली. सगळे हसले. हे वाक्य तिने तळटीपेत टाकलं नाही. ते तिने तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक केलं.

प्राध्यापक कुओबाई खूश झाल्या. समासात त्यांनी लिहिलं, ‘गैरहजेरीतून चालणारी सत्ता, अप्रतिम.’ मंडपात पहिलं नाव कुणाचं यावरून गावातली सत्तेची उतरंड वाचता येते, हा पेइशानचा मुख्य सिद्धांत होता. पहिलं नाव नेहमी सर्वांत बलवान माणसाचं. तोंडी परीक्षेत तिन्ही परीक्षकांनी माना डोलावल्या.

गावाचं नाव तिने लपवलं होतं. लिनकांगचं ‘क गाव’ केलं, बाबांचं ‘श्रीमान अ’. नदीची दिशासुद्धा बदलली. शिकलेल्या माणसाची चूकही शिकलेल्या जागीच होते. तिच्या विद्यापीठात सगळे प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान लिहितात, आणि परीक्षा झाली की त्या एका पानावर माणूस मोकळं होऊन रडून घेतं. तिनेही घेतलं. ‘हा प्रबंध माझे वडील, लिनकांग गावाचे सरपंच ल्याओ तिएनफू यांचा आहे. सत्ता म्हणजे कोणत्या घरात आज चूल पेटली नाही हे ठाऊक असणं, हे मी पुस्तकांआधी त्यांच्याकडून शिकले.’ शंभर पानं तिने बापाला झाकलं आणि एका पानावर, प्रेमाच्या भरात, त्याच्या अंगावरचं पांघरूण स्वतःच्या हाताने ओढून काढलं. दोन्ही पानं एकाच फाइलीत. ती फाइल ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर, जगाला उघडी.

दीड वर्ष कुणी ती वाचली नाही. प्रबंध कोण वाचतं? मग निवडणूक आली, आणि श्यूच्या मुलाने वाचली.

मतदानाला आपल्या गावी जावंच लागतं, म्हणून पेइशान शुक्रवारी संध्याकाळी घरी पोचली, तेव्हा तिसऱ्या प्रकरणाचं शीर्षक गावातल्या प्रत्येक फोनवर पोचलेलं होतं. खाली आभाराचं पान. श्यूने एक शब्दही जोडला नव्हता. जोडायची गरजच नव्हती.

बाबा टेबलाशी बसले होते. समोर छाय-आजी उभी होती, आणि टेबलावर तिने घडी घातलेला शोकपट ठेवला होता. तिच्या नवऱ्याचा. नऊ वर्षं तो तिच्या देव्हाऱ्याशेजारी टांगलेला होता. येईल त्याला ती दाखवायची, आमदाराने माझ्या म्हाताऱ्याची आठवण ठेवली म्हणून.

“हे अक्षर कुणाचं, तिएनफू?”

“माझं.”

“आमदाराला माहीत होतं, माझा माणूस गेला ते?”

“नाही, वहिनी.”

“त्याचं नाव तरी माहीत होतं?”

“नाही.” बाबांनी शोकपटाची घडी सरळ केली. “मला माहीत होतं.”

छाय-आजीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. “आमच्या घरी तेव्हा चार मतं होती,” ती म्हणाली. “बरोबर मोजलीस ना?” आणि शोकपट तिथेच टाकून निघून गेली.

एकोणीस मतांनी बाबा हरले. रात्री ते बूट काढत असताना पेइशान त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “बाबा, माझं चुकलं.”

“किती मार्क मिळाले होते तुला त्या प्रबंधाला?”

“एक्क्याण्णव.”

“वर्गात पहिली?”

“हो.”

“मग जेव. मला निवडणुकीत कधी एक्क्याण्णव टक्के पडले नाहीत.”

बस, एवढंच. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर ती रडली असती, आणि रडून झाल्यावर काहीतरी जुळलं असतं. आधी ते दर रविवारी फोन करायचे, “बोल, सत्तेबद्दल नवीन काय शिकलीस? मलाही उपयोगी पडेल.” त्या निवडणुकीनंतर हा प्रश्न बंद झाला. फोन येतच राहिला, पण त्यात पाऊस आणि लसणीचा भाव. दोन वर्षं ती दर रविवारी त्या प्रश्नाची वाट पाहत होती. गावात मयत झालं की ते तरीही जात आणि शेवटच्या खुर्चीवर बसत, असं आईने सांगितलं होतं. यादी आता श्यू करायचा. मार्चमध्ये त्यांचं हृदय थांबलं. त्याआधी हॉस्पिटलात सहा दिवस ते शुद्धीवर होते. ती तिसऱ्या दिवशी पोचली, त्यांचे पाय चेपले, संत्री सोलून दिली. प्रबंधाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

“सार्वजनिक वंदनाला सुरुवात होत आहे,” आशुई माईकमध्ये म्हणाला. मंडपात एकच शोकपट टांगलेला होता, आमदाराच्या कार्यालयाचा, आणि त्यावरचं अक्षर श्यूचं होतं. आशुईने लिफाफा फोडला, चष्मा चढवला, आणि यादी वरपासून खालपर्यंत चाळली. मामाच्या घरचे माना उंचावून बघू लागले.

मग त्याने वाचलं. “विद्यापीठ, राज्यशास्त्र विभाग. प्रतिनिधी, ल्याओ पेइशान.”

कुणी हललं नाही. घरचं माणूस सार्वजनिक वंदनात नसतंच. त्याची जागा समोर, वंदन घेणाऱ्यांच्या रांगेत. पेइशानला वाटलं, झालं, बाबांनी शेवटी ओरडून घेतलं. पहिलं नाव. माईकवरून, तिच्याच सिद्धांताची चपराक.

आशुईने माईक बाजूला धरला आणि तिच्याजवळ आला. “जा, पोरी. त्याने सांगितलंय.”

“काय सांगितलं? मला टोचायला लिहिलंय हे?”

“टोचायला?” आशुईने तिच्याकडे खुळ्यासारखं बघितलं. “पहिलं नाव तेवढं त्याने मला तेव्हाच सांगितलं होतं. मीच म्हटलं, पहिलं आमदाराचं असू दे, उगाच राग नको. तर म्हणाला, बावीस वर्षं माझ्याबरोबर राहून तुला एवढंही कळलं नाही? पहिलं नाव त्याचं लिहायचं, जो नक्की येणार. पहिलं नाव पुकारलं आणि कुणी उठलंच नाही, तर मंडप तिथेच पडतो. आमदार सवड असेल तर येईल. ती येईलच.”

“मग आमदाराचं नाव पहिलं असायचं, ते?” पेइशानने विचारलं.

“आम्ही नेहमी असंच करायचो,” आशुई म्हणाला. “तुला सांगितलं नव्हतं त्याने?”

तिने विचारलंच नव्हतं. दोन उन्हाळे, अडतीस मंडप, तीनशे प्रश्न. पहिलं नाव बलवानाचं, हे तिने घरून ठरवूनच नेलं होतं, आणि जे ठरवून नेतो ते कुणी विचारत नाही. आमदार पहिला असायचा कारण आमदाराच्या वतीने बाबा असायचे, आणि बाबा नक्की यायचे. एवढी साधी गोष्ट. ती कळायला त्यांना मरावं लागलं.

ती रांगेतून निघाली, वळसा घालून पाहुण्यांच्या जागी आली, उदबत्ती वाहिली आणि बाबांच्या फोटोसमोर तीनदा वाकली. समोर आई होती. आईला क्षणभर काय करावं कळेना. मग ती, घरच्यांच्या रीतीप्रमाणे, लेकीसमोर वाकली.

आशुईने पुढचं वाचलं. “गल्ली पहिली. हू कुटुंब.”

यादीत आमदार नव्हता, संघ नव्हता, समिती नव्हती. गावातली घरं होती, एकापुढे एक, गल्लीच्या क्रमाने, प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्याच्या नावासकट. सत्तेचाळीस घरं. हॉस्पिटलच्या खाटेवर आडवं पडून, मनातल्या मनात दारं ओलांडत त्यांनी ती लिहिली असणार. हू कुटुंब बसमध्ये होतं. आशुई पेइशानकडे बघून थांबला. रिकाम्या खुर्च्या आणखी रिकाम्या दिसू लागल्या. ती पाहुण्यांच्या जागीच उभी होती. तिने दुसरी उदबत्ती उचलली.

“हू कुटुंबाच्या वतीने,” ती म्हणाली आणि वाकली.

“लिन कुटुंब.”

ती वाकली. जो आलाच नाही, त्याच्या वतीने जरा जास्त. तिचं तिलाच आठवलं, पान एकसष्ट, तळटीप चार. तेव्हा त्या वाक्याखाली तिने ‘प्रतीकात्मक भरपाई’ असं लिहिलं होतं. आता तिला कळत होतं की जास्त वाकलं की पाठीला कळ लागते, आणि बाबांची पाठ साठीतच का गेली होती.

गल्ली पहिली संपली. दुसरीही संपली. आई दर वेळी समोरून वाकत होती. पेइशानने एकदा डोळ्यांनीच खुणावलं, तू बस. आईने मान हलवली. पाहुणा वाकला तर घरच्यांनी वाकायचं असतं.

“गल्ली तिसरी. छाय कुटुंब.”

पेइशानने उदबत्ती उचलली.

“ठेव ती खाली.” आवाज मंडपाच्या तोंडाशी होता. छाय-आजी घरातल्या चपलांवरच आली होती. डोक्यावर सहलीची नवी कोरी लाल टोपी. “माझ्या घरचं वाकायला मी जिवंत आहे अजून.”

“तुम्ही गेला नाहीत, आजी?”

“बस लागते मला. टोपी आधीच वाटली होती, ती घेतली.” ती सावकाश पुढे आली आणि फोटोसमोर उभी राहिली. मग तिने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली.

“बघ, तिएनफू,” ती फोटोला म्हणाली. “मी आधी टोपी काढली. मोजलं काहीच नाही.”

वाकताना तिला कुणाचा तरी हात लागला असता. पेइशान पुढे झाली, पण आजीने तो घेतला नाही. एकदा, दोनदा, तीनदा ती एकटीच वाकली. मग पेइशानच्या जवळून जाताना म्हणाली, “माझ्या माणसाला लोक पंक्चरवालाच म्हणायचे. पुरं नाव कुणाला येत नव्हतं. याला येत होतं. हे त्याने मला सांगितलं होतं त्या दिवशी, टेबलाशी. मी ऐकलं होतं.” तिने नाक पुसलं. “ऐकलं आणि तशीच निघून गेले. तो शोकपट कुठाय?”

“बाबांच्या कपाटात.”

“नंतर दे मला.”

ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर जाऊन बसली, टोपी मांडीवर ठेवून. पेइशानला वाटलं, आता कदाचित मागून आणखी कुणी येईल. एखादं दार उघडेल. आशुईलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानेही रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर वाळत टाकलेली लसूण होती आणि एक कुत्रं.

“वू कुटुंब,” आशुईने वाचलं.

अजून एकवीस घरं होती. पेइशानने उदबत्ती घेतली. आता ती माफी मागत नव्हती. ज्यांच्याकडे मागायची ते त्या फोटोत होते, आणि त्यांनी तर आधीच तिचं नाव वर लिहून ठेवलं होतं. एखाद्या रविवारी तिने स्वतःच फोन करून म्हणायला हवं होतं, बाबा, पहिल्या नावाबद्दल मला नीट सांगा ना. त्यांनी तासभर सांगितलं असतं.

ती वू कुटुंबाच्या वतीने वाकली, जरा जास्त. समोरून आई वाकली.